फेरीधक्क्यावरचा साहेब

दारूचा नाद असला तर लोक समजून घेतात. पत्त्यांचा असला तर बायको रडते, शेजारी समजूत घालतात आणि एकूण सगळं रीतीप्रमाणे पार पडतं. पण ‘मला बसगाड्या बघायला आवडतात’ असं सांगून बघा. समोरचा माणूस आधी हसतो, मग थांबतो, मग आवाज खाली आणून विचारतो, “म्हणजे नक्की काय बघता?” बस बघतो. ती येते, थांबते, जाते. तेवढं बघून मला बरं वाटतं.

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळं लहानपण डेपोमागच्या खोल्यांत गेलं. बाकीची पोरं पक्षी ओळखायची, मी हॉर्नवरून ड्रायव्हर ओळखायचो. पुढं नोकरी लागली ती डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत. गोव्याला राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. कोकणी राजभाषा झालेली होती, मराठीचं काय करायचं यावर पेपरांतून रोज हाणामाऱ्या चालायच्या. पेपर मराठी, भांडण कोकणीचं आणि शिव्या दोन्हीतल्या. आम्हा घाटावरून आलेल्यांना मात्र दोन्ही बाजूचे लोक ‘घाटी’च म्हणत. निदान त्या एका बाबतीत गोव्यात एकमत होतं.

पण इथल्या खासगी बसगाड्या बघितल्या आणि मी सगळं माफ करून टाकलं. आमची एसटी म्हणजे सरकारी लाल डबा, एक बघितली की महाराष्ट्रातल्या सगळ्या बघून झाल्या. इथं प्रत्येक गाडीचा थाट निराळा. कपाळावर देवीचं नाव, काचेवर मालकाच्या पोरांची नावं, ड्रायव्हरपुढं उदबत्ती, आणि मागच्या दाराला एक पाय आत, बाकीचा सगळा बाहेर असा लोंबकळणारा क्लीनर. आत बसायची जागा किती आहे हे दारावर रंगवलेलं असायचं. ते वाचून सगळ्यांची करमणूक व्हायची. त्या आकड्यात आणि आतल्या माणसांत काही नातं असल्याचं कधी कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तर अशा वेळी माझा मेहुणा आखातातून सुट्टीवर आला, येताना व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला, आणि दोन दिवसांसाठी तो माझ्या हाती देण्याची चूक करून बसला. कॅमेऱ्याला बाजूला उघडणारा छोटा पडदा होता. कॅसेट मात्र एकच. “जपून वापरा भावजी,” तो म्हणाला. मी म्हटलं, “भावा, काळजीच सोड.” बायकोला सांगितलं, शनिवार-रविवार स्कूटरवरून फिरायला जाऊ. तिनं समुद्र गृहीत धरला आणि गवताची टोपी बरोबर घेतली. मी काहीच गृहीत धरू नकोस असं म्हणालो नाही, कारण मग ती आलीच नसती.

शनिवारी सकाळी आम्ही डिचोलीच्या स्टँडवर गेलो. माझ्या अंगावर पांढरा शर्ट आणि कारखान्याची खाकी पँट. डोक्यावर हेल्मेट. त्या काळी गोव्यात हेल्मेट दोनच जातीची माणसं घालायची, पोलीस आणि भित्रे. मी दुसऱ्या जातीतला, पण ते कपाळावर लिहिलेलं नव्हतं. मी आधी गाड्यांच्या नंबरप्लेटा टिपल्या. मग खाली वाकून टायर टिपले. मग मागचे दिवे, संकटकाळी उघडायचं दार, धुराचं नळकांडं. नादातल्या माणसाला यातच गोडी असते. एका ड्रायव्हरला प्रेमानं विचारलंसुद्धा, “गाडी कितव्या सालची? पासिंग कधी झालंय?” तो चहा अर्धा टाकून उठला आणि गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, लाजाळू असेल.

तिथून सुर्ल्याला गेलो. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता, झाडं, घरं आणि सुर्लेकर असे सगळे एकाच तांबड्या रंगात रंगवून काढले होते. थांब्यावर बरीच माणसं उभी होती. बस आली, मी कॅमेरा लावला. कंडक्टर खाली उतरला, बसायला जागा होती तेवढी माणसं आत घेतली, बाकीच्यांना हात दाखवला आणि शिटी मारली. गाडीत एकही माणूस उभा नाही! माझा ऊर भरून आला. बायकोला म्हटलं, “बघ, शिस्त म्हणतात ती ही. नाहीतर आपल्याकडं खिडकीतून टोप्या टाकून जागा धरतात.”

“मग मागं राहिलेली माणसं शिव्या का देतायत?” तिनं विचारलं.

“सवय नसेल.”

पुढं कोलवाळच्या पुलावरून पेडण्याकडं निघालो. समोरून येणारी प्रत्येक बस मागून येणाऱ्या बसला दिवे मारून जात होती. मला वाटलं, माझं कौतुक पसरलंय, गाडीवाले नमस्कार करतायत. मी स्कूटरवरून प्रत्येकाला हात केला. बायको मागून म्हणाली, “ओळखीचे आहेत का?” मी म्हटलं, “ही एक बिरादरीच असते.” आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

पेडण्याच्या स्टँडवर तर बघायलाच नको. सगळे कंडक्टर गळ्यापर्यंत बटणं लावून उभे. एक पिकल्या मिशांचा क्लीनर बोनेट पुसत होता, आणि पुसून झालं की पुन्हा पुसत होता. मी सगळं टिपलं. बसप्रेमी म्हणून माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर दिवस होता, आणि तो संपूर्ण खोटा होता.

दुपारी चोपड्याला आलो. तेव्हा तिथं शापोरा नदीवर पूल झालेला नव्हता. शिवोलीहून माणसं फेरीबोटीतून यायची आणि धक्क्यावर पेडण्याची बस त्यांची वाट बघत उभी असायची. फेरी आली की बस सुटायची, हेच तिचं वेळापत्रक. फेरीतून मासळीच्या पाट्या, नारळाची पोती, पावाच्या पोटल्या, छत्र्या आणि त्यांच्याखालची माणसं असा सगळा लोंढा एकदम बशीवर यायचा. हे मला बघायचं होतं. स्कूटर धक्क्यावर लावली आणि बशीत चढलो. कंडक्टरनं खांद्यावरच्या टॉवेलनं पुढची सीट पुसली. “बसा सायबा. बाये, तुमी जनेलाकडे बसा,” म्हणत त्यानं बायकोला खिडकी दिली. एवढा मान मला सासुरवाडीतही मिळालेला नव्हता.

फेरी लागली. लोंढा आला. कंडक्टर दारात हात आडवा लावून उभा राहिला आणि जागा भरताच ओरडला, “बास! फुल्ल!”

“रे, फुल्ल कशी? मदीं सगळी मोकळी आसा न्हय?”

“कायदो!” कंडक्टर माझ्या कॅमेऱ्याकडं बघत म्हणाला. “कायदो म्हणजे कायदो!”

“तुका आज जालां काय?” पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली. तिनं पुढं जे म्हटलं ते कॅमेऱ्यात आलं, पण इथं लिहिता येत नाही.

अर्धी फेरी धक्क्यावर ठेवून गाडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर वाटेत एक बाई हात करून उभी. हातात पितळी डबा, फडक्यात बांधलेला, वर एक चमचा खोचलेला. गाडी थांबली. तिनं सवयीनं डबा वर केला आणि कंडक्टरनं दोन्ही हात मागं घेतले.

“आज ना, वैनी. पार्सल घेवक जायना.”

“पार्सल?” बाई म्हणाली. “रे, पेज ती! घोवाची पेज!”

“जाणा गे. पूण आज ना.”

“तुज्या पात्रांवाची पेज, तुज्या पात्रांवाच्या गाडयेत घेवक जायना?”

पात्रांव म्हणजे मालक. ज्या बशीत आम्ही बसलो होतो तिच्या मालकाची बायको डबा घेऊन उभी होती, आणि मालकाच्याच गाडीत मालकाच्याच पेजेला मज्जाव होता. कंडक्टर भुवयांनी माझ्याकडं खुणा करत होता. बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाय जवळ घेतले. काही कळेना. एवढ्यात माझ्या बायकोनं खिडकीतून हात बाहेर काढला. “द्या हो वहिनी इकडं. कुठं पोचवायचाय?”

“पेडण्याच्या दवाखान्यात, बाय. पयल्याच कुडीत. ही कुलेर परत हाड,” तिनं चमच्याला बोट लावून सांगितलं. मग खिडकीला धरून ती हळू आवाजात म्हणाली, “आनि ताका सांग, गाडी भरून वता म्हणून. माजें तो आयकना.”

कंडक्टरचा जीव भांड्यात पडला. “सायबाच्या बायलेन घेतली म्हणजे कायद्यात बसता,” त्यानं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं जाहीर केलं.

बायकोनं डबा घेतला आणि लगेच माझ्या मांडीवर ठेवला. पेज ताजी उतरवलेली असावी. मांड्या भाजू लागल्या. दोन्ही हातांनी तो अधांतरी धरून मी बसलो, आणि कॅमेरा बायकोनं घेतला. ज्या वळणांसाठी, ज्या माडांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यासाठी मी आलो होतो ते सगळं मी पेज सांभाळत, एकही क्षण न टिपता पार केलं. बायकोनं टिपलं ते गाडीचं आतलं दृश्य. ओळीत बसलेली माणसं आणि मधली मोकळी वाट. दूरदर्शनवर कुटुंबनियोजनाच्या जाहिरातीत दाखवतात तशी बस.

वाटेत कंडक्टरनं बायकोला हकिगत सांगितली. मालक स्वतःच या गाडीचा ड्रायव्हर. गेले कितीतरी दिवस कावीळ होऊन दवाखान्यात पडलेला. गाडीवर बदली ड्रायव्हर. रोज दुपारी पेजेचा डबा याच बशीतून जायचा. पण दुखणं वाढलं तसं मालकाच्या डोक्यात शिरलं की परक्या हातात गाडी गेली, आता तिच्यात कुणी चढत नाही. म्हापशाचा एक जण गाडी मागत होता, सोमवारी सौदा करायला येणार होता. “आमी रोज सांगतां, गाडी फुल्ल वता. तो म्हणता, दुयेंताक बरें दिसचें म्हणून तुमी फटी मारतात.” म्हणजे आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही थापा मारता. आणि गाडी गेली की पेडण्यात तो पुन्हा स्टिअरिंगला हात लावील, असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या गाडीशिवाय त्याला उठून बसायला दुसरं कारणच नव्हतं.

“मग सोपंय की,” माझी बायको म्हणाली. “ह्यांच्या कॅमेऱ्यात गाडी घेतलीय. आम्ही दाखवतो त्यांना.”

कंडक्टरचा चेहरा पडला. मला वाटलं, बिचाऱ्याला भरून आलं.

पेडण्याला उतरलो तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं, हात जोडले आणि म्हणाला, “सायबा, पात्रांव दुयेंत आसा. गाडयेर कांय बरयनाकात.”

“काय लिहू नको?”

“सायबा, डिचोलेंतल्यान खबर आयली सकाळीं. नवो इन्स्पेक्टर भोंवता, खाकी पँट, हेल्मेट, कॅमेरा. संशय येवचो न्हय म्हणून बायलेकय घेवन भोंवता.”

मी तिथंच फुटपाथवर बसलो. सुर्ल्याची शिस्त, दिव्यांचे नमस्कार, पुन्हा पुन्हा पुसलेलं बोनेट, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी स्कूटरवरून यायच्या आत माझी बदनामी बसने येऊन पोचली होती. बायको इतकी हसली की टोपी पडली. मी उठून कंडक्टरला सांगितलं, “अहो, मी इन्स्पेक्टर नाही. कारखान्यात कामाला आहे. मला नुसत्या बस आवडतात.”

“व्हय सायबा,” तो डोळा मारत म्हणाला. “तुमी इन्स्पेक्टर न्हय.”

खरं बोलून कधी कुणाचं भलं झालंय? सुट्टीच्या दिवशी धडधाकट माणूस बायकोला घेऊन, उन्हातान्हात, हौस म्हणून बसचे टायर टिपत फिरतो, यापेक्षा वेडगळ थाप त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती.

दवाखान्यात पहिल्याच खोलीत मालक होता. हाडापेरानं मोठा, पण अंगावरचं मांस उतरलेलं, डोळे हळदीसारखे. हात तेवढे ड्रायव्हरचे राहिले होते, रुंद आणि कशाला तरी धरायला निघालेले. डबा बघून त्यानं चमचा काढला, फडकं सोडलं, मग आम्हाला निरखलं. आम्ही कोण ते बायकोनं सांगितलं. मी कॅमेऱ्याचा पडदा उघडून त्याच्यापुढं धरला. अडाण्याचा उत्साह, दुसरं काय म्हणणार!

गाडी दिसताच तो उठून बसला. बोनेट बघितलं, देवीचं नाव बघितलं, मान हलवली. मग आतलं दृश्य आलं. माणसं ओळीत बसलेली. मधली वाट मोकळी. वरचा दांडा मोकळा, त्याला एकही हात नाही.

“मदलीं माणसां खंय गेलीं?” त्यानं विचारलं.

त्यानं पुन्हा दाखवायला लावलं. पुन्हा बघितलं. मग चमचा डब्यावर आडवा ठेवला आणि डबा बाजूला सारला.

“म्हणजे सगळीं फटी मारतालीं. बायल सुद्दां.”

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. लोक मला इन्स्पेक्टर समजले, म्हणून त्यांनी माणसं घेतली नाहीत, धक्क्यावर अर्धी फेरी राहिली होती, असं सगळं. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. हेल्मेट दाबून चपटे झालेले केस, पेजेचे डाग पडलेली पँट, हातातली बायकोची टोपी.

“तुमी? इन्स्पेक्टर?” आणि तो हसला. “कोणाक सांगतात?”

आख्ख्या उत्तर गोव्यात मी इन्स्पेक्टर नाही हे ओळखणारा एकच माणूस निघाला, आणि तो नेमका हा. मला राग यावा की नाही हेही ठरवता येईना. तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. “सोमाराक येवं दी तो. दिवन सोडतां,” एवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चला, स्कूटर आणू आणि डिचोली गाठू. बायको दवाखान्याच्या पायरीवर बसली. “मी येणार नाही.”

“का?”

“त्यांनी पेज खाल्ली नाही. एका माणसाची पेज आपण डबाभर आणली आणि त्याच्या तोंडातून काढून घेतली. उद्या पुन्हा धक्क्यावर जायचं. भरलेली गाडी घ्यायची आणि त्यांना दाखवायची.”

“कॅसेट संपलीय,” मी म्हणालो. आणि ते खरं होतं. सगळी कॅसेट दिवसभरात भरली होती.

“मग पुसा की त्यातलं.”

एवढ्या शांतपणे कुणी कुणाला आपलं मूल नदीत सोडायला सांगत नाही. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, “नाटकं करू नका.” रात्री पेडण्यात ज्या लॉजवर उतरलो त्याच्या मालकानं खोलीत नवी चादर टाकली आणि गिऱ्हाइकांची नोंद किती चोख ठेवतो ते आपण होऊन सांगितलं. मला सवय झाली होती.

रविवारी धक्क्यावर गर्दी आणखी होती. बाजार, लग्नाची माणसं, चर्चहून परतणारे. कंडक्टर आम्हाला बघून पुन्हा गळ्यापर्यंत बटणं लावायला लागला. मी त्याला पुन्हा समजावलं, त्यानं पुन्हा डोळा मारला. मग बायकोनं सूत्रं हाती घेतली आणि सगळ्या धक्क्यासमोर मला झाडलं. “हा साहेब असता तर मी स्कूटरवर उन्हात भाजले असते का? ह्याला साधा बाजार आणता येत नाही, हा गाड्या काय तपासणार?” मी मान खाली घालून ऐकलं. तिला वाटलं, आता तरी पटेल. कंडक्टर हळहळून मला म्हणाला, “सायबांचें घरांत अशेंच आसता.”

फेरी काठाला लागत होती. मी कॅसेट मागं फिरवली. सुर्ल्याची तांबडी धूळ गेली, डिचोलीचं स्टँड गेलं, माझ्या त्या लाजाळू ड्रायव्हरची गाडी गेली. सगळी धुतलेली, पुसलेली, कुणी कधी बघितलं नव्हतं असं देखणं सगळं मागं गेलं. मग बटण दाबलं.

फळी पडली आणि लोंढा निघाला. कंडक्टरनं दारात हात आडवा लावला. जागा भरल्या. “बास! फुल्ल! कायदो!” मागं माणसांचा गलका. आणि मला समोर दिसली ती भिंतीकडं तोंड केलेल्या मालकाची पाठ. कॅमेरा गळ्यात टाकून मी मागच्या दाराशी गेलो, कंडक्टरचा हात खाली ओढला आणि माझ्या तोंडून माझ्या बापाचा आवाज निघाला. डेपोत मी तो हजार वेळा ऐकला होता, पण तो माझ्यातही आहे हे मला माहीत नव्हतं.

“सरका की पुढं! मधी जागा हाय! ओ मावशी, पाटी खाली घ्या! पाव्हणं, एक पाय आत घ्या, दुसरा आपोआप येतोय! सरका, सरका, घरी न्हाई का जायाचं?”

पाटीवाली कालचीच बाई होती. तिनं मला पायापासून वरपर्यंत बघितलं आणि किंचाळली, “गे बाय! घाटी हो!” साहेब घाटी निघाला म्हणून सगळे हसले. मी तिची पाटी धरून तिला आत ढकललं, मागून लग्नाची माणसं ढकलली, नारळाचं पोतं मीच वर चढवलं. कंडक्टर माझ्याकडं बघत राहिला. कायदा मोडायला साहेब हाताखालच्यांना सांगतो, स्वतः पोती चढवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं गळ्याचं बटण सोडलं.

“रे, हो इन्स्पेक्टर न्हय,” तो ड्रायव्हरला ओरडला. “हो आमचोच!” आणि मग त्यानं फेरी रिकामी केली.

मला आता जागा नव्हती, कुणालाच नव्हती. माझा एक पाय कुठल्या तरी पोत्यावर होता आणि दुसरा नक्की कुठं ते पेडण्यापर्यंत कळलं नाही. कॅमेरा हात उंच करून डोक्यावर धरला होता, त्यात काय येत होतं देव जाणे. ठरलेल्या जागी ती बाई डबा घेऊन उभी होती. दाराशी पोचणं अशक्य. तिनं डबा पहिल्याच्या हाती दिला, त्यानं डोक्यावरून मागच्याला, “पात्रांवाची पेज, पात्रांवाची पेज” असं म्हणत तो डबा दांड्याखालून, छत्र्यांमधून, पाट्यांवरून हातोहात पुढं गेला आणि माझ्या बायकोच्या मांडीवर जाऊन बसला. तिला शोधायला मला दवाखान्यापर्यंत वेळ लागला.

खोलीत मालक तसाच भिंतीकडं तोंड करून होता. बायकोनं डबा उशाशी ठेवला. मी पडदा उघडला आणि आवाज मोठा केला. आधी नुसता गोंगाट. तो ऐकून त्यानं मान वळवली.

पडद्यावर एक काख दिसत होती. मग छत्रीचा दांडा, मग मासळीची पाटी, मग पुन्हा काख, दुसऱ्याची. कुणाचा तरी कान बराच वेळ दिसला. मागं कंडक्टर ओरडत होता, “फुडें सरा, फुडें,” बाया शिव्या देत होत्या, कुठंतरी पोर रडत होतं, आणि बदली ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. मग कुणाच्या तरी डोक्यावरून पितळी डबा सरकत आला, वर चमचा खोचलेला.

“माजी पेज!” तो ओरडला. शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा झाला.

त्यानं ते पुन्हा दाखवायला लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी तो उठून बसला, डबा मांडीवर घेतला आणि पडद्यावर डबा पुढं जातोय ते बघत खरा डबा उघडला. मी म्हटलं, “माफ करा, गाडी कुठंच नीट आली नाही.”

“गाडी कशाक पळोवची?” म्हणजे कशाला बघायची, असं तो पेज तोंडात घेऊन म्हणाला. “गाडी माका खबर आसा.” मग हॉर्नचा आवाज ऐकून त्यानं बदली ड्रायव्हरला एक शिवी घातली, आणि ती इतकी दणकट होती की नर्स दारात आली. डबा रिकामा झाल्यावर त्यानं चमचा पुसून बायकोच्या हाती दिला. “घरा सांग, त्या म्हापशेकाराक निरोप धाड. येवं नाका म्हणून.”

मेहुण्यानं ती कॅसेट सगळ्या घरादारासमोर लावली. बराच वेळ काखा बघून झाल्यावर तो म्हणाला, “भावजी, ह्यात बस कुठंय?” मी म्हणालो, “दिसत नाही, एवढी भरलीय.” त्यानं कॅमेरा पुन्हा मला कधी दिला नाही.

पुढं गणपतीच्या चवथीला मालकाच्या बायकोचं आमंत्रण आलं. स्कूटर वाटेत बंद पडली, ती एका गॅरेजवर टाकून आम्ही नारळाची पिशवी घेऊन चोपड्याच्या रस्त्यावर थांब्याशी उभे राहिलो. वळणावरून हॉर्न ऐकू आला. तो बदली ड्रायव्हरचा नव्हता. लहानपणीची विद्या अजून शिल्लक होती, मी बायकोला म्हटलं, “तोच आहे.”

तोच होता. अंगानं भरलेला, डोळे पांढरे, मोठे हात स्टिअरिंगवर. आम्हाला बघताच त्याचा चेहरा फुलला. त्यानं हॉर्नवर पंजा दाबून ठेवला, दुसरा हात खिडकीतून काढून जोरजोरात हलवला. मी पिशवी उचलली. गाडी जवळ आली, दोन्ही दारांना माणसं लटकलेली, टपावर केळीचे घड. तो पिकल्या मिशांचा क्लीनर मागच्या दारातून जवळजवळ सगळाच बाहेर होता. आम्हाला ओळखून तो आनंदानं ओरडला, “फुल्ल आसा!” आणि गाडी न थांबता निघून गेली.

मी रस्त्याच्या मधे उभा राहून कोल्हापुरी शिव्या दिल्या, सगळ्या येत होत्या तेवढ्या. देता देता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुळीनं आलं असं मी कुणाला सांगणार नाही.

“हसताय काय आणि रडताय काय,” बायको म्हणाली. “एक कान धरा त्या पिशवीचा.” मग मी एक कान धरला, तिनं दुसरा, आणि आम्ही चालायला लागलो.